प्रत्येक प्रसूतिगृहाने आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे का?

कृष्णाकाठ

सिझेरियनचे प्रमाण वाढले आहे हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. जागृती कोणाची करायची, हा खरा प्रश्न आहे. गरोदर स्त्रियांच्या मेळाव्यांत, आशा सेविकांच्या बैठकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत जो उपदेश दिसतो तो जवळजवळ सगळा बाईला उद्देशून असतो: चाला, उकिडवे बसा, योगासने करा, घाबरू नका, नॉर्मलचाच आग्रह धरा. माझे म्हणणे असे की ही जागृती चुकीच्या दारावर जाते. पाणी गेलेले आहे, कळा सुरू आहेत आणि ‘बाळाचे ठोके कमी होताहेत, लवकर सही करा’ असे कोणी सांगत आहे, अशा वेळी त्या बाईच्या हाती कसलाच आग्रह उरलेला नसतो आणि तिच्या नवऱ्याला तर समोरचा कागद वाचण्याचेही भान नसते.

आकडे अनेकांना माहीत असतील, तरी एकदा समोर ठेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात २००५-०६ मध्ये शंभरातली साडेआठ बाळंतपणे सिझेरियनने होत होती; २०१५-१६ मध्ये ती १७.२ झाली आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात यांतल्या नंतरच्या दोन फेऱ्यांमध्ये हे प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेले, गोव्यात तर २०१९-२१ मध्ये ते ३९.५ टक्के होते. मला अस्वस्थ करतो तो यापुढचा तपशील. त्याच फेरीत महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत सिझेरियन १८.४ टक्के होती आणि खासगी रुग्णालयांत ३९.१ टक्के. अवघड बाळंतपणे तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवली जातात, म्हणजे गुंतागुंतीचा मोठा भार सरकारी व्यवस्था उचलते, आणि तरीही खासगीतले प्रमाण दुपटीहून अधिक आहे. वाढलेले वय, वजन, मधुमेह, वंध्यत्वावरील उपचार ही कारणे खासगीत जास्त भेटतात हे धरूनही एवढी दरी त्यांनी भरून निघते असे मला वाटत नाही.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. बाळंतपण अडले की बाई आणि मूल दोघेही जात, हे ज्या पिढीने पाहिले त्या पिढीला सिझेरियनची किंमत सांगावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील बैठकीत दहा ते पंधरा टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिने म्हटले की लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू कमी झालेले दिसत नाहीत, आणि त्याच निवेदनात हेही म्हटले की ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळावी यासाठी झटावे. तेव्हा ‘पंधरा टक्के’ हा आकडा घेऊन कोणी डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये.

परंतु गरज नसताना झालेल्या सिझेरियनची किंमत पुढे मोजावी लागते, आणि ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते. आधीच्या टाक्यांवर पुढच्या खेपेस वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, बसू शकते, कधी गर्भपिशवीच्या भिंतीत रुतते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानुसार, वार खाली सरकलेली असेल तर दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ती अशी रुतलेली असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असते. अशा वेळी प्रचंड रक्तस्राव होतो आणि बहुधा गर्भपिशवी काढावी लागते. वार खाली सरकणे हे मुळात फार घडणारे नाही, पण प्रत्येक सिझेरियनगणिक त्याचाही धोका वाढतो. पहिल्या खेपेस सही करताना हे कोणी सांगितले, असे भेटलेली बाई माझ्या आठवणीत नाही.

२०१७ मध्ये मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी रुग्णालयांनी आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, अशी ऑनलाइन याचिका चालवली होती. तत्कालीन केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी ती उचलून धरली आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना तसे निर्देशही निघाले. पुढे या विषयावरची चर्चाच थंडावली. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर गेल्या वर्षी किती बाळंतपणे झाली आणि त्यांतली किती सिझेरियनने झाली, एवढी एक ओळ का असू नये?

वऱ्हाडी डॉक्टर

ताई, आपण आकडे नीट मांडले आहेत आणि डॉक्टरांना सरसकट चोर ठरवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, दहा खाटांचे रुग्णालय चालवतो आणि आपल्या मागणीला माझा विरोध आहे.

माझ्या गावात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नाहीत. ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, त्यांचे तिथले काम आटोपून, स्वतःची गाडी चालवत. रक्तपेढीही तिथेच. पहिलटकरीण दुपारी दाखल होते, संध्याकाळी सात वाजता गर्भपिशवीचे तोंड पाच सेंटीमीटर उघडलेले असते, बाळाचे डोके अजून वर असते आणि मला ठरवायचे असते की थांबायचे का. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात उत्तर सोपे आहे, थांबा. तिथे रात्री दोन वाजता गरज पडली तर वीस मिनिटांत पोट उघडता येते. मला रात्री दोन वाजता गरज पडली तर फोन करून, माणूस उठून, गाडी काढून, रस्ता कापून येईपर्यंत दीड तास जातो आणि गुदमरलेल्या बाळाला दीड तास नसतो. म्हणून रात्री दोनचा निर्णय मी संध्याकाळी आठला घेतो. त्या आठच्या सिझेरियनपैकी काही बाया थांबल्या असत्या तर सुखरूप मोकळ्या झाल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. कोणत्या, ते आधी कळत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले. तो निकाल योग्य होता की नाही, हा वाद वेगळा. पण ‘सिझेरियन का केले’ असा दावा माझ्या ओळखीच्या एकाही डॉक्टरवर झालेला नाही. ‘वेळेत का केले नाही’ असे मात्र झाले आहेत, आणि दाव्याआधी काचा फुटल्या आहेत. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र पाहा. कमी जोखमीच्या बाईला ते सतत लावून ठेवल्याने सिझेरियन वाढतात, नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण कमी होते, पण मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) किंवा बालमृत्यू कमी झाल्याचे दिसत नाही, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात वाचलेले आहे. तरी आलेखाचा कागद कोर्टात जातो, म्हणून यंत्र लागते. एकदा लावले की त्यावरचा प्रत्येक खड्डा मलाही दिसतो आणि उद्या वकिलालाही दिसणार असतो.

तिसरी गोष्ट पैशाची. सिझेरियनचे बिल मोठे असते, हे खरे. पण तेलंगणात सरकारी रुग्णालयांतले प्रमाणही याच सर्वेक्षणात ४४.५ टक्के आले आहे, आणि तिथे बाईकडून पैसे घेतले जात नाहीत. म्हणजे लोभ हे एकच कारण धरून चालता येत नाही. माझ्यासारख्या एकट्या डॉक्टरला पैशापेक्षा वेळ नडतो, कारण बारा-चौदा तास कळांवर लक्ष ठेवणारे दुसरे माणूस माझ्याकडे नाही.

आपला फलक लागला तर काय होईल, ते आजच सांगतो. आधीचे सिझेरियन, पायाळू मूल, जुळी, वाढलेला रक्तदाब अशा बायांना आम्ही सातव्या महिन्यातच ‘मोठ्या ठिकाणी जा’ म्हणू आणि भिंतीवर सुंदर आकडा लावू. ज्या डॉक्टरने रात्री अवघड केस घेतली त्याचा आकडा वाईट दिसेल आणि ज्याने दार लावून घेतले तो गावात नावाजला जाईल.

निशिगंध

या साऱ्या चर्चेत बाईची इच्छा कुठे आहे? मी पुण्यात नोकरी करते, दोन वर्षांपूर्वी ठरवून सिझेरियन करून घेतले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. डॉक्टरांनी दोन वेळा समजावले, पुढच्या गरोदरपणातले धोके सांगितले, मला दुसरे मूल नको आहे हे ऐकून घेतले, आणि मग माझे म्हणणे मान्य केले. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसारही सर्व धोके समजावल्यावर बाईने मागितले तर सिझेरियन देता येते.

बाळ झाल्याचे कळवल्यावर पहिला प्रश्न ‘नॉर्मल की सिझर?’ असा येतो. बाळाचे वजन त्यानंतर विचारतात. सिझर म्हटले की पलीकडे एक क्षण शांतता पसरते आणि ‘असू दे गं, बाळ सुखरूप आहे ना’ असे सांत्वन सुरू होते. सिझेरियनविरोधी जागृतीची ही बाजू कोणी तपासत नाही. कळा सोसल्या नाहीत म्हणून बाई कमी पडली, हे आपल्या घरांत आधीच बोलले जाते, त्यावर सरकारी फलकाचे शिक्कामोर्तब नको.

आणि ज्यांना खरोखर नॉर्मल बाळंतपण वाढवायचे आहे त्यांनी कळांच्या वेदना कमी करण्याची सोय किती ठिकाणी आहे ते आधी सांगावे. पाठीतून नळी घालून वेदना कमी केल्याने सिझेरियन वाढत नाहीत, हे अभ्यासांनी दाखवलेले आहे. तरी ‘एवढे तर सोसावेच लागते’ हेच उत्तर मिळते. मग बायका वेदनेला घाबरून शस्त्रक्रिया मागतात, यात नवल काय?

हिशेबनीस

माझे काम आकडेवारीचे आहे, वैद्यकाचे नाही, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. मूळ मागणीतील एकच आकडा मलाही पटत नाही, आणि डॉक्टरांचा त्यावरचा आक्षेप बिनतोड आहे. पण त्या आक्षेपावर उपाय उपलब्ध आहे. मायकेल रॉब्सन या प्रसूतितज्ज्ञाने २००१ मध्ये दहा गटांची वर्गवारी मांडली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच वापरण्याची शिफारस केली. पहिली खेप की पुढची, आधी सिझेरियन झाले आहे का, कळा आपोआप आल्या की आणवल्या की त्याआधीच शस्त्रक्रिया झाली, दिवस पूर्ण भरले होते का, मूल एक की अधिक, डोके खाली की पायाळू की आडवे, एवढ्या माहितीवर दाखल होणारी प्रत्येक बाई कोणत्या तरी एका आणि एकाच गटात बसते. ही सारी माहिती प्रसूतीच्या नोंदवहीत आजही लिहिली जाते.

त्यातला पहिला गट पाहण्यासारखा आहे: पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच मूल, डोके खाली, कळा आपोआप आलेल्या. यात पायाळू नाही, जुळी नाही, आधीचे सिझेरियन नाही. दोन रुग्णालयांची तुलना या गटापुरती केली तर ‘आमच्याकडे अवघडच केस येतात’ हे उत्तर बऱ्याच अंशी गळून पडते. पाचव्या गटात आधी सिझेरियन झालेल्या स्त्रिया येतात आणि बहुतेक ठिकाणी एकूण सिझेरियनमध्ये सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. म्हणजे आज पहिलटकरणींच्या पहिल्या दोन गटांत जे होते ते चार वर्षांनी पाचव्या गटात व्याजासह परत येते. तेलंगणाच्या सरकारी रुग्णालयांच्या आकड्यातही आधीच्या सिझेरियनचा किती वाटा आहे, हे गट पाडल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर तो आकडा डॉक्टरांच्या बाजूचा पुरावा नाही आणि विरोधातलाही नाही.

जाता जाता: नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात नॉर्मलसाठी एक मर्यादा आणि सिझेरियनसाठी त्याहून मोठी मर्यादा सर्रास असते. चौदा तास थांबण्याचा मोबदला पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी, असा करार आपणच लिहिला आहे आणि मग थांबत का नाही म्हणून विचारतो आहोत.

कृष्णाकाठ

हिशेबनीस यांनी सुचवलेली गटवार मांडणी मला मान्य आहे. माझी मागणी आता तशीच समजावी. पहिल्या गटाचा आकडा जाहीर झाला तर अवघड केस घेणाऱ्या डॉक्टरांवर अन्याय होण्याचे कारण उरत नाही.

निशिगंध, तुम्ही समजून उमजून निवड केलीत, तुम्हाला दोन वेळा समजावले गेले, पुढच्या गरोदरपणाविषयी विचारले गेले. नेमके हेच किती बायकांच्या वाट्याला येते? इच्छा विचारली जाते ती शिकलेल्या, पगारदार, प्रश्न विचारू शकणाऱ्या बाईला. माझ्या परिसरात ऊसतोडीवरून परतलेली मुलगी माहेरी येते, कर्ज काढून खासगीत दाखल होते आणि टाके सुकायच्या आत पुन्हा कामाला लागते. तिला कोणी पर्याय दिलेला नसतो. तुमच्या निवडीचा मान राखण्यासाठी तिच्या बाबतीत गप्प बसावे, हे मला पटत नाही.

डॉक्टर, तुमची रात्री आठची अडचण खरी आहे आणि ती ऐकल्यावर माझी मागणी मला अधिकच रास्त वाटते. तुमच्या पहिल्या गटाचा आकडा जास्त आला आणि शेजारच्या दहा रुग्णालयांचाही आला, तर तालुक्याला रात्रीचा भूलतज्ज्ञ नाही हे कागदावर सिद्ध होते. आज ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

प्रसूतिकक्ष

मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. दोन्ही बाजू वाचल्या. कमी आकडा म्हणजे चांगले, हे दोन्हींकडे धरून चालले आहे असे दिसते, म्हणून लिहिते. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात बिहारच्या सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण ३.६ टक्के होते. तिथल्या बायका काही अधिक सुदृढ नाहीत. त्यांना शस्त्रक्रिया मिळत नाही. आपल्याकडेही दुर्गम भागातली अडलेली बाई १०८ च्या गाडीत घाटातून तासन् तास खाली येते तेव्हा तिला कोणी टक्केवारी विचारत नाही. जागृती करायची तर गरज नसताना होणाऱ्या आणि गरज असून न मिळणाऱ्या, अशा दोन्ही सिझेरियनची करावी लागेल.

आता आमच्या कक्षाविषयी. पहिलटकरीण पोटात दुखायला लागले की लगेच येते, सोबत चार माणसे असतात. तपासावे तर तोंड दोन बोटे उघडलेले, कळा पंधरा-वीस मिनिटांनी एक. अशा वेळी तिला घरी किंवा जवळच्या नातेवाइकाकडे परत पाठवून, खाऊन पिऊन, फिरून, कळा जोरात आल्या की ये, असे सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत खऱ्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरला आहे आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना दंडक प्रत्येकीला लावू नये असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते? नातेवाईक म्हणतात, ‘परत पाठवता? वाटेत काही झाले तर?’ आम्ही दाखल करतो. एकदा दाखल केले की घड्याळ सुरू होते. सलाईन लागते, बाई पाठीवर आडवी पडते, सहा तासांत ‘प्रगती नाही’ म्हणून कळांचे औषध सलाईनमधून चढते, त्याच्या कळा बाळाला सोसत नाहीत, ठोके उतरतात आणि बाई टेबलावर जाते. कागदावर कारण बाळाचे ठोके असे पडते; आठ तास लवकर दाखल केले, हे कुठेच लिहिले जात नाही.

रात्रपाळीला तीन टेबलांमागे मी एकटी असते. एकीचा हात धरून बसले तर दुसरीचे ठोके कोण मोजणार? बाईजवळ सतत कोणी बसून धीर देत असेल तर सिझेरियनचे प्रमाण कमी होते, हे पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळले आहे. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिकक्षात एक सोबतीण येऊ देण्याची सूचना काढली. आमच्याकडे आई किंवा सासू आत येते, पण तिला बसायला स्टूल नाही, पडदा नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईची लाज झाकायची म्हणून शेवटी आम्हीच तिला बाहेर काढतो.

खास प्रशिक्षित प्रसूती परिचारिका तयार करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले, अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरला. नॉर्मल बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी सांभाळायचे आणि अडले तर डॉक्टरांनी यायचे, ही त्यामागची कल्पना. डॉक्टरसाहेब म्हणतात तसे बारा तास लक्ष ठेवणारे दुसरे माणूस ते हेच. त्या माणसाला पगार द्यायला कोणी तयार नाही, सरकारही सावकाश आणि खासगीवाले तर नाहीच.

सडेतोड

मुहूर्ताचे कोणीच बोलले नाही. गुरुजींकडून तारीख-वेळ काढून आणणारी कुटुंबे आमच्याच सोसायटीत आहेत. एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी, कळा न येता काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, हे डॉक्टर सांगतात आणि सगळे माना डोलावतात. पण अमृतसिद्धी योग सदतिसाव्या आठवड्यात पडला तर बाळाने काय करावे? रुग्णालयाच्या फलकावर यजमानांच्या हट्टाचा रकाना ठेवणार आहात का?

वऱ्हाडी डॉक्टर

सिस्टरांनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. पगाराचा टोमणाही लागला. तशी परिचारिका मिळाली तर ठेवीन, पण तिचा खर्च नॉर्मल बाळंतपणाच्या बिलात मिळवला की बाई समोरच्या रुग्णालयात जाते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी हटत नाही. ब्रिटनचा अनुभव पाहा. तिथे नैसर्गिक बाळंतपणाचा आग्रह धरणारी मोहीम सुइणींच्या राष्ट्रीय संघटनेनेच वर्षानुवर्षे चालवली आणि पुढे ती थांबवली. श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरील ऑकेंडेन चौकशी अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. चांगली देखभाल मिळती तर २०१ बाळे आणि ९ माता वाचू शकल्या असत्या, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि सिझेरियन करण्यास केलेली टाळाटाळ हे त्यातले एक कारण होते. तिथला कमी सिझेरियनचा आकडा त्याआधी कौतुकाचा विषय होता. अहवालाच्या थोडे आधीच इंग्लंडच्या आरोग्य सेवेने रुग्णालयांना एकूण सिझेरियनचे प्रमाण कामगिरीचा निकष म्हणून वापरणे बंद करा, असे कळवले होते. आपण तेच निकष आता भिंतीवर लावायला निघालो आहोत.

हिशेबनीस

डॉक्टरांनी अर्धेच पत्र सांगितले. एकूण प्रमाण वापरू नका, त्याऐवजी रॉब्सनचे गट वापरा, असे त्यात होते. आणि गटांच्या सोबत त्या त्या गटातील बाळांची आणि मातांची अवस्था काय झाली तेही मांडायचे असते: किती बाळे अतिदक्षता विभागात गेली, किती मातांना रक्त चढवावे लागले. सिझेरियन कमी आणि बाळे गुदमरलेली, असे रुग्णालय त्यात लगेच उघडे पडते. श्रूजबरीत तेच मोजले गेले नाही.

निशिगंध

मग ‘बाईला नीट समजावून सांगितले का’ हाही रकाना ठेवा, आणि त्याचे उत्तर रुग्णालयाने न देता बाळंतिणीने द्यावे. तेवढे असेल तर माझा विरोध मी मागे घेते. एरवी नाही.

वऱ्हाडी डॉक्टर

एवढे रकाने भरायला माझ्याकडे कारकून नाही. जी बाई सातव्या महिन्यात मला विचारील, ‘माझ्यासारख्या पहिलटकरणींपैकी कितींचे सिझेरियन होते?’ तिला मी माझ्या खोलीत, वही उघडून, कारणांसह सांगेन. आजवर ते मला कोणी विचारलेले नाही. भिंतीवर लावणार नाही, कारण भिंतीला कारणे सांगता येत नाहीत.

कृष्णाकाठ

खोलीत सांगितलेला आकडा बाईला तपासून पाहता येत नाही, आणि शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याशी ताडूनही पाहता येत नाही. कारकुनाची अडचण असेल तर दहाही गटांचे राहू द्या. केवळ पहिल्या गटातल्या बायका किती, त्यांतली सिझेरियन किती आणि या गटातली किती बाळे अतिदक्षता विभागात गेली, हे तीन आकडे वर्षातून एकदा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावेत आणि त्यांनी ते तालुकावार, रुग्णालयांच्या नावानिशी छापावेत. वर्षाला शे-दोनशे बाळंतपणे होणाऱ्या रुग्णालयाला हे काम एका दुपारचे आहे. फलक नको असेल तर नको, छापील यादी चालेल. नावे मात्र हवीत.